फवारा आधी, इंधन नंतर
(नांदेड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित संहिता)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी आयुष्यभर तंत्रनिकेतनात इंजिन शिकवले. त्यांचे विद्यार्थी आज वर्कशॉपात आहेत, कारखान्यांत आहेत, शेतात आहेत. त्यांच्यासमोर बोलायचे तर विषय त्यांच्या हाताखालचाच हवा, म्हणून मी डिझेलचा इंजेक्टर आणि डिझेलला पर्याय म्हणून किंवा डिझेलमध्ये मिसळण्यासाठी वापरली जाणारी द्रव्ये हा विषय घेतला आहे.

व्याख्यानमालांतून साहित्यावर, समाजकारणावर बोलले जाते. पंप-नोझलवर सहसा कोणी बोलत नाही. पण मराठवाड्याचे गेल्या पन्नास वर्षांचे जगणे आठवून पाहा. विहिरीवरचे ऑइल इंजिन, मळणी यंत्र, ट्रॅक्टर, लोहा-अहमदपूर-चाकूर रस्त्यावर माणसे वाहणारी काळी-पिवळी, खेड्यात मुक्कामी राहणारी एसटी, लातूरच्या बाजार समितीतून तूर आणि सोयाबीन घेऊन निघणारे ट्रक. हे सगळे डिझेलवर चालले. डिझेल महागले की घराचे गणित कोलमडते, हे या भागातल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. म्हणूनच ‘ॲव्हरेज वाढवून देतो’ म्हणणारी प्रत्येक बाटली इथे खपते आणि टाकीत काहीतरी घालून पाहण्याची हौसही इथे मोठी आहे. ही हौस मला मोलाची वाटते. तिला शिस्त लागली पाहिजे, एवढेच माझे मागणे आहे. आधी फवारा नीट करा, मग इंधनाचे प्रयोग करा, आणि केलेला प्रयोग मोजून लिहून ठेवा.

इंजेक्टर करतो काय, इथून सुरुवात करू. शेतावरचे पाच हॉर्सपॉवरचे, मिनिटाला १५०० फेऱ्यांचे एकसिलिंडरी किर्लोस्कर इंजिन घ्या. चार स्ट्रोकचे इंजिन असल्याने त्यात मिनिटाला ७५० वेळा इंधन सोडले जाते. पूर्ण भारावर एका वेळेला जाणारे डिझेल साधारण २० मिलिग्रॅम भरते, म्हणजे तुरीच्या एका दाण्याच्या पाचव्या हिश्शाएवढे. ते दोनेक मिलिसेकंदांत, सुमारे २०० बार दाबाने, मिलिमीटरच्या दोन-तीन दशांश व्यासाच्या छिद्रांतून बाहेर पडते. तेवढ्या वेळात त्याचे धुके व्हायचे, ते दाबून तापलेल्या हवेत मिसळायचे आणि पेटायचे. धुके बारीक असेल तर डिझेल पूर्ण जळते. थेंब मोठा राहिला तर तो बाहेरून जळतो, आतून कोळसा होतो, आणि सायलेन्सरमधून काळा धूर निघतो. तो धूर म्हणजे पैसे देऊन घेतलेले आणि अर्धवट जळलेले डिझेल.

आता पंप-नोझलच्या दुकानात चला. नोझल टेस्टरला इंजेक्टर बसवलेला आहे. मिस्त्री हँडल सावकाश दाबतो तसा गेजचा काटा चढत जातो. ठरलेल्या दाबाला आतली सुई उचलते आणि ‘कर्र’ असा आवाज येतो. हा आवाज महत्त्वाचा, कारण सुई आपल्या बैठकीवर झपाट्याने उघडमिट करते आहे याची ती खूण असते. मिस्त्रीचे डोळे त्या वेळी फवाऱ्यावर असतात: सगळ्या छिद्रांतून सारखा येतो का, एखादी धार सरळ पिचकारीसारखी जाते का. मग तो दाब उघडण्याच्या दाबाच्या थोडा खाली नेऊन धरून ठेवतो. दहा सेकंदांत टोकाशी थेंब जमता कामा नये. टोक कागदाने टिपले तर कागद कोरडा निघाला पाहिजे. ओला निघाला तर नोझल थेंब टाकतो आहे. असा थेंब फवारा संपल्यावर सिलिंडरमध्ये पडतो, धूर करतो, टोकावर कार्बन चढवतो आणि वेळ आली की पिस्टनही जाळतो.

दाब कमी भरला तर स्प्रिंगखाली शिम टाकतात. शिमची जाडी मिलिमीटरच्या विसाव्या भागाने बदलली तरी दाब पाचेक बारने हलतो. सुई आणि तिची नळी यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची असते. म्हणून एका बॉडीची सुई दुसऱ्या बॉडीत घालत नाहीत, ती जोडी जन्माची असते. आणि या दुकानात नव्याने लागलेल्या पोराला पहिल्या दिवशी सांगण्याची गोष्ट अशी: फवाऱ्याखाली बोट कधीही धरायचे नाही. २०० बारचे डिझेल कातडी भेदून आत जाते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत बोट सडू लागते. असे झाले तर घरी न जाता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात गेले पाहिजे.

हे ज्ञान आपल्याकडे आले कसे? रुडॉल्फ डिझेल यांचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला चालले. पण सुरुवातीला इंधनाचा फवारा करायला दाबलेली हवा लागायची, त्यासाठी इंजिनासोबत मोठा कॉम्प्रेसर बाळगावा लागे. बॉश कंपनीने १९२७ मध्ये इंजेक्शन पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले आणि डिझेल इंजिन ट्रकमध्ये, पुढे मोटारीत मावू लागले. आपल्याकडे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात निघाली. १९५१ मध्ये बंगळुरूला ‘मायको’ सुरू झाली आणि पुढे तिच्या नाशिकच्या कारखान्यात इंजेक्टर व नोझल तयार होऊ लागले. २००८ मध्ये मायकोचे नाव बॉश झाले, पण जुन्या मिस्त्रींच्या तोंडी अजून मायकोच आहे. पुण्याचे इंजिन, नाशिकचा नोझल आणि मराठवाड्याच्या मिस्त्रीचे हात अशी ही साखळी आहे.

आता इंधनाकडे वळतो. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक छोटे डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले गेले. वसाहतींमध्ये शेंगदाणा पिकतो, तिथे कोळसा-पेट्रोलियमवाचून शक्ती तयार करता येईल का, हा त्यामागचा विचार होता. खुद्द डिझेल यांनीही पुढे वनस्पती तेलांच्या भवितव्यावर लिहिले. ही गोष्ट ऐकली की मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या मनात साहजिकच येते, की आपल्याकडे तर करडई आहे, सूर्यफूल आहे, सोयाबीन आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखे करडईचे वाण दिले. लातूरला गळीतधान्य संशोधन केंद्र आहे. मग घाण्यावरचे तेल थेट टाकीत का घालू नये?

पहिली अडचण दाटपणाची. ४० अंश सेल्सिअसला डिझेलचा दाटपणा २ ते ४.५ सेंटीस्टोक असतो. बहुतेक खाद्यतेलांचा ३० ते ४०. इतके दाट तेल त्याच छिद्रांतून, त्याच दाबाने निघाले की धुक्याऐवजी धार होते. दुसरी अडचण आपल्या भागाच्या तेलांची खास आहे. करडई, सूर्यफूल आणि सोयाबीन ही तिन्ही तेले वाळणाऱ्या किंवा अर्धवट वाळणाऱ्या जातीची आहेत. त्यांत लिनोलिक आम्ल भरपूर असते. हवा आणि उष्णता लागली की रेणू एकमेकांना चिकटतात आणि तेलाचा डिंक होतो. करडईचे तेल रंग-वार्निशाच्या धंद्यात वापरले गेले ते याच गुणामुळे. फळीवर हा गुण कामाचा, पण नोझलच्या टोकावर तोच घात करतो. दोन-चार मायक्रॉनच्या फटीत डिंक धरला की सुई अडकते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात, इंजिन ऑइल घट्ट होते. इंजिन पहिले काही तास झकास चालते, आणि त्या थोड्या तासांच्या जोरावर ‘प्रयोग यशस्वी’ असे जाहीर होते. खरी परीक्षा त्यानंतर शेकडो तासांनी येते.

यावर रसायनशास्त्राने उपाय दिला आहे. तेलाची मिथेनॉलशी, थोड्या कॉस्टिकच्या साहाय्याने, साठेक अंश तापमानाला प्रक्रिया केली की ग्लिसरीन वेगळे होऊन खाली बसते आणि वर पातळ एस्टर राहते. हेच बायोडिझेल. त्याचा दाटपणा चार-पाच सेंटीस्टोकवर येतो. प्रयोगशाळेत बरणीतला तो तळाचा तपकिरी थर आणि वरचा सोनेरी थर दिसला की विद्यार्थ्यांचे चेहरे उजळतात. पण काम तिथे संपत नाही. धुऊन मिथेनॉल आणि साबण काढायचा, पाण्याचा अंश घालवायचा, मग भारतीय मानक आयएस १५६०७ च्या कसोट्या लावायच्या. कच्च्या करंज तेलात मुक्त आम्ल जास्त असेल तर कॉस्टिक घालताच साबण होतो, म्हणून आधी आम्लाची प्रक्रिया करावी लागते. आणि मिथेनॉल हे विष आहे. डोळे जातात, जीव जातो, आणि त्याची ज्वाला दिवसाउजेडी दिसतही नाही. घरच्या स्वयंपाकघरात हा उद्योग कोणी करू नये.

मोगली एरंडाची, म्हणजे जट्रोफाची, आठवण इथे करायलाच हवी. २००३ च्या सुमारास देशभर जट्रोफाची लाट आली. पडीक जमिनीवर, पाण्याशिवाय, डिझेल पिकेल असे सांगितले गेले. २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले. ते बायोडिझेलच्या बाबतीत कुठल्या कुठे राहिले, आणि २०१८ च्या धोरणाने २०३० पर्यंत ५ टक्के एवढेच लक्ष्य धरले. कारण साधे होते. झुडूप पडीक जमिनीत जगते, पण भरघोस बी धरायला त्यालाही पाणी आणि खत लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आणावी लागली, हे आपण विसरू शकत नाही. आपल्या भागात कोणत्याही पर्यायी इंधनाचा हिशोब आधी पाण्यात करावा लागेल. उसाच्या इथेनॉललाही तोच निकष लागतो. बांधावरचा करंज आणि हॉटेलांच्या कढयांतले वापरून झालेले तेल या कसोटीला जास्त उतरतात. त्यांच्यापासून थोडेच इंधन मिळेल, पण त्यासाठी जादा पाणी खर्ची पडणार नाही.

इथेनॉल डिझेलमध्ये का घालत नाहीत, असे तरुण मुले विचारतात. पेट्रोलला जे चालते ते डिझेलला चालत नाही. डिझेल आपोआप पेटले पाहिजे, त्या गुणाला सीटेन अंक म्हणतात. आपल्या पंपावरच्या डिझेलचा तो किमान ५१ असतो. इथेनॉलचा दहाच्याही आत. शिवाय जरा पाणी शिरले किंवा थंडी पडली की दोन्ही वेगळी होतात, वंगणाचा गुण कमी होतो, आणि मिश्रण पेट्रोलसारखे भडक ज्वालाग्राही बनते. डिझेलच्या टाकीला ती जोखीम झेपत नाही.

आता बाटल्यांकडे येतो. डिझेलमध्ये घालायची सगळीच द्रव्ये फसवी नाहीत. सीटेन वाढवणारे २-इथाइलहेक्झिल नायट्रेट हे द्रव्य शुद्धीकरण कारखानेच वापरतात. हजार लिटरला अर्धा ते एक लिटर घातले तर सीटेन काही अंकांनी चढतो. नोझलवरचा मळ काढणारी डिटर्जंट द्रव्ये खरीच काम करतात. वंगणाची गोष्ट तर फार शिकण्यासारखी आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आले, त्यात गंधक दशलक्ष भागांत केवळ १० भाग. आधीच्या बीएस-४ मध्ये ते ५० होते. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले नैसर्गिक वंगण देणारे घटकही निघून जातात, म्हणून कारखान्यातच वंगण-द्रव्य घालावे लागते. चांगल्या प्रतीचे बायोडिझेल एक-दोन टक्के मिसळले तरी ही उणीव भरून निघते. गाडीभर इंधन पुरवणे करंजाला जमणार नाही, पण पंपाच्या प्लंजरला वंगण पुरवणे त्याला जमते. आपल्या भागाच्या प्रयोगांनी याच छोट्या, खऱ्या जागेवर लक्ष द्यावे असे मला वाटते.

उलट बाजूही सांगतो. टू-स्ट्रोक ऑइल घालून जुन्या पंपाचा आवाज मऊ होतो, पण नव्या गाडीच्या धूर-गाळणीत त्याची राख साठते. धातू असलेल्या द्रव्यांचे तेच. ॲसिटोनने रबरी सील फुगतात. आणि पाण्यात पाला उकळून पेट्रोल करण्याचा दावा १९९६ मध्ये तामिळनाडूच्या रामर पिल्लई यांनी केला, तेव्हा देश थक्क झाला होता. २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना फसवणुकीबद्दल शिक्षा सुनावली. दाव्यापासून निकालापर्यंत वीस वर्षे गेली.

केरोसीनचा उल्लेख करताना मला एका माणसाचे स्मरण आदराने करावे लागते. स्वस्त केरोसीन डिझेलमध्ये मिसळणे हा एके काळी सर्रास चालणारा धंदा होता. त्याने वंगण जाते, पंप आणि नोझल झिजतात, गरिबाच्या चुलीचे इंधन चोरीला जाते. मनमाडजवळच्या पानेवाडीला हीच भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी जिवंत जाळण्यात आले. इंधनाची शुद्धता राखण्यासाठी या महाराष्ट्रात एका अधिकाऱ्याने प्राण दिले आहेत. ‘बायोडिझेल’ अशी पाटी लावून भलतेच औद्योगिक तेल विकणाऱ्याकडून स्वस्तात टाकी भरताना हे नाव आठवावे.

आता गाड्याही बदलल्या. १९९८ ची इंडिका डिझेल किंवा जुनी कमांडर जीप मिस्त्रीच्या हातात पूर्ण यायची. पंपाचे टायमिंग, नोझलचा दाब, आयडलिंग सगळे पान्याने जमायचे. कॉमन रेलच्या गाड्यांत दाब १,३५० पासून २,००० बारपर्यंत गेला, आणि एका स्ट्रोकमध्ये इंधन अनेक तुकड्यांत सोडले जाते. अनेक इंजेक्टरांवर छापलेला कोड संगणकाला सांगावा लागतो, कारण प्रत्येक इंजेक्टरची मोजणी किंचित वेगळी असते. त्यामुळे आता ‘ट्यूनिंग’ म्हणजे लॅपटॉप लावून इंधन वाढवणे असा समज पसरला आहे. इंधन वाढवले की पिकअप वाढतो, हे खरे. पण बॅक-लीक (फवाऱ्याऐवजी परतीच्या नळीतून माघारी जाणारे इंधन) जास्त असलेल्या, झिजलेल्या इंजेक्टरवर असे इंधन वाढवणे म्हणजे धूर, उष्णता आणि टर्बोचा नाश ओढवून घेणे. गाडी कोणतीही असो, फवारा तपासल्याशिवाय इंधनाला हात लावू नये, हा नियम दोन्ही पिढ्यांच्या गाड्यांना लागू आहे.

मग प्रयोग करायचा कसा? त्यासाठी मोठी यंत्रे नसली तरी चालेल. आधी एअर फिल्टर, टॅपेट, नोझल, टायमिंग सगळे ठीक करून घ्या, कारण नादुरुस्त इंजिनावर कोणतेही द्रव्य गुणकारी भासते. मग साध्या डिझेलवर, ठरलेल्या रस्त्यावर, सारख्या भाराने, टायरमध्ये सारखी हवा ठेवून, टाकी काठोकाठ ते काठोकाठ या पद्धतीने ॲव्हरेज काढा. नांदेड ते अहमदपूर हा रस्ता त्याला उत्तम आहे. मग द्रव्य घालून तेच करा. आणि पुन्हा साध्या डिझेलवर या. ही तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात. साध्या डिझेलवर परतल्यावर आकडा खाली आला तरच श्रेय द्रव्याचे. नाहीतर ते हवामानाचे किंवा चालवणाऱ्याच्या पायाचे. टाकीत काय आहे हे चालकाला कळू देऊ नका. बाटली घातल्याचे माहीत असलेला माणूस नकळत गाडी जपून चालवतो. पीयूसी केंद्रात धुराचा आकडा मिळतो, तोही दर वेळी लिहून घ्या. शेवटी नोझल काढून त्याचा दाब पुन्हा बघा आणि टोकाचा फोटो ठेवा. काही महिन्यांनंतर खरे बोलतो तो नोझलच.

असे प्रयोग आपल्याकडे विखुरलेले आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयांत एकसिलिंडरी इंजिनावर करंज, करडई, कापूस-सरकी यांच्या बायोडिझेलचे प्रकल्प दरवर्षी होतात. त्यांचे अहवाल कपाटात जातात. मिस्त्रींकडे हजारो नोझलांचा अनुभव आहे, तो त्यांच्याबरोबर जातो. एकाकडे आकडे आहेत, दुसऱ्याकडे वर्षे आहेत, आणि दोघांची गाठ पडत नाही. नांदेडला विष्णुपुरीत १९८१ पासून श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे, १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, लातूरला अभियांत्रिकी महाविद्यालये, तंत्रनिकेतन आणि तेलबियांचे संशोधन केंद्र आहे. एवढे असताना एखाद्या शेतकऱ्याने आणलेल्या बाटलीत काय आहे, ती नोझलला पोषक की मारक, हे सांगणारी एक खिडकीही आपल्या दोन जिल्ह्यांत कोणाला दाखवता येत नाही.

म्हणून या व्यासपीठावरून माझे तीन प्रस्ताव आहेत. महाविद्यालयांनी महिन्यातला एक दिवस प्रयोगशाळा मिस्त्री आणि शेतकऱ्यांसाठी खुली ठेवावी. दाटपणा, घनता, ज्वलनांक आणि पाण्याचा अंश एवढ्या चाचण्या नाममात्र शुल्कात करून द्याव्यात. पंप-नोझलच्या प्रत्येक दुकानात नोंदवही असावी: गाडी कोणती, किती चालली, काय इंधन, काय द्रव्य, नोझलचा दाब काढताना किती आणि बसवताना किती. आणि विद्यार्थ्यांनी अंतिम वर्षाचा प्रकल्प या वह्यांवर करावा, मिस्त्रीचे नाव अहवालात सहलेखक म्हणून घालावे. नाव छापले गेले की माणूस नोंद जपतो, आणि पुढच्या पिढीला ती मिळते.

विजेवरच्या गाड्या येत आहेत, हे मला ठाऊक आहे. तरी ट्रॅक्टर, ट्रक आणि शेतावरची इंजिने अजून बराच काळ डिझेल पिणार आहेत. ती जेवढे जाळतील तेवढे स्वच्छ जळावे, शेतकऱ्याचा पैसा धुरावाटे जाऊ नये आणि रस्त्यावरच्या पोराच्या छातीत काजळी जाऊ नये, हे आपल्या हातात आहे. सभागृहात प्राचार्य बसले आहेत आणि मिस्त्रीही बसले आहेत. पहिला खुला दिवस कोणत्या महिन्यात, हे आज इथून उठण्यापूर्वी ठरावे, एवढी माझी विनंती आहे.